गोळीचा हिशेब मागता, साखळीचा कोण देणार?

आमचे गाव कर्जत. एवढे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे लोकलने जाता येते ते?" नाही. ते रायगडचे कर्जत. हिरवे, डोंगराच्या कुशीतले. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर जिल्ह्यातले. इथे काळविटांचा माळ आहे आणि पाऊस हुकला की टँकरची वाट आहे. नावापलीकडे या दोन गावांचे काही नाते नाही, असे आम्ही वर्षानुवर्षे मानत होतो.

त्या दुसऱ्या कर्जतमध्ये डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या 'श्रद्धा' या संस्थेचे केंद्र आहे. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे काम २००६ मध्ये कर्जतला आले. रस्त्यावर, स्टेशनवर भटकणाऱ्या, केसांच्या जटा झालेल्या, स्वतःचे नाव विसरलेल्या मनोरुग्णांना हे लोक उचलून आणतात. न्हाऊ-माखू घालतात, औषधोपचार करतात आणि माणूस भानावर येऊन आपल्या गावाचे नाव सांगू लागला की त्याला त्या गावी, मग ते बिहारमध्ये असो की बंगालमध्ये, घरी पोहोचवतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इतक्या लांब तरी कशाला जा? नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे 'माउली सेवा प्रतिष्ठान' आहे. रस्त्यावर टाकून दिलेल्या, वेड लागलेल्या बायकांना त्यांनी आपले घर दिले आहे.

या कामाचे कौतुक आमच्या समाजातही होते. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ येतात, आम्ही 'माशाल्लाह' लिहून पुढे पाठवतो. पण रस्त्यावर सापडलेली ती बाई रस्त्यावर आली कुठून, हे कुणी विचारत नाही. ती काही आभाळातून पडलेली नसते. तिला आई होती, भाऊ होता, बहुधा नवराही होता. एका घराचा दरवाजा उघडला गेला आणि ती बाहेर पडली, किंवा बाहेर काढली गेली. त्या दरवाजाविषयी आम्हांला बोलायचे आहे, कारण तसा दरवाजा आमच्याही घराला आहे.

आमच्याकडे मनाच्या आजाराला आजार म्हणतच नाहीत. त्याला 'असर' म्हणतात. 'साया' म्हणतात, 'हवा लगी' म्हणतात, 'किसीने कर दिया' म्हणतात. बाई रात्रभर जागी राहून बडबडते. तिच्यावर जिन्न आहे. पोरगा सहा महिने खोलीबाहेर येत नाही. त्याला शेजारणीची नजर आहे. आणि ज्याला काहीच करावेसे वाटत नाही, जेवण गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येऊन मरणाचे विचार येतात, त्याला तर आजारी असण्याचाही हक्क नाही. त्याचा ईमान कमजोर आहे, असे सांगून त्याला आणखी खाली ढकलले जाते. आधीच तो स्वतःला गुन्हेगार समजत असतो. आम्ही त्याच्यावर धर्माची मोहर उमटवतो.

'वसवसा' हा शब्द आम्हां सर्वांना ठाऊक आहे. आमच्या ओळखीचा एक तरुण वुजू करायला बसला की अर्धा-पाऊण तास उठत नसे. हात धुतले की नाही, डोक्यावरून ओला हात फिरला की नाही, शंका काही जाईना. पुन्हा पहिल्यापासून. टँकरच्या उन्हाळ्यात मस्जिदीच्या हौदाचे पाणी तो एकटा संपवतो म्हणून लोक चिडायचे. कुणी म्हणे सैतान आहे, कुणी म्हणे ढोंग आहे. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. यावर औषध आहे, आणि शंका आली तरी हात पुन्हा न धुता थांबण्याचा सराव करून घेणारी उपचारपद्धतीही आहे. बहुतेकांना या दोन्हींनी पुष्कळ आराम पडतो. गोळीचा गुण दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. त्या तरुणाने पंधरा दिवसांत गोळी सोडली, कारण पंधरा दिवसांत गुण आला नाही आणि 'याला किती दिवस लागतील' हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. गंमत अशी की, दहाव्या शतकात, ९३४ मध्ये वारलेल्या अबू झैद अल-बल्खी या आमच्याच विद्वानाने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला आणि त्यात वसवशासाठी वेगळे प्रकरण दिले. १२८४ मध्ये कैरोत सुलतान कलावूनने उभारलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळी सोय होती. या वारशाचा अभिमान आम्ही जलशांत मिरवतो. घरात मात्र लोबान जाळतो.

आता आमच्याच घरातली गोष्ट. ती लिहू नये, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी बजावले आहे. म्हणूनच लिहितो आहोत.

आमची एक मामेबहीण. बी.ए. झालेली, शिवणकाम उत्तम, आवाज गोड. एकविसाव्या वर्षी तिला पहिला झटका आला. चार रात्री झोप नाही, बोलणे थांबेना, घरातले पैसे वाटून टाकले, आपण मोठे कॉलेज काढणार असे गल्लीत सांगत सुटली. पुढे दोन महिने तीच मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दोन आमील झाले, पलिते झाले, उतारे झाले. शेवटी एका नातलगाच्या आग्रहाने तिला नगरला नेले. ७०-७५ किलोमीटर, एस.टी.ने. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, 'बायपोलर'. मन एकदा उंच झोका घेते, एकदा खोल जाते. लिथियम सुरू झाले. आठ महिन्यांत मुलगी पूर्वीसारखी झाली. पूर्वीसारखी म्हणजे अगदी पूर्वीसारखी. शिलाई मशीन पुन्हा वाजू लागली.

आणि रिश्ता आला.

तिचा बायोडाटा आम्हीच लिहिला, कारण घरात आमचे अक्षर बरे. शिक्षण, उंची, रंग, कुराण खत्म, स्वयंपाक, शिवण, मामू-खालांची नावे आणि नोकऱ्या, सगळे त्यात होते. आजार नव्हता. तसा रकानाच नसतो म्हणून आम्ही आमच्या मनाची समजूत घातली. "शादी हो गई तो सब ठीक हो जाता," असे घरातले म्हणाले आणि आम्ही, बी.एड. झालेले, मान हलवून मोकळे झालो. निकाह झाला. तिच्या आईने महिन्याभराच्या गोळ्या मेंदीच्या डब्यात घालून दिल्या आणि कानात सांगितले, चोरून घेत जा.

लिथियम चोरून घेण्याचे औषध नाही. ते साधे क्षार आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उन्मादावर गुण दाखवला, आणि आजही झोके थोपवण्यात, आत्महत्या टाळण्यात त्याच्या तोडीची औषधे थोडी. पण गुण येणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांत अंतर फार कमी असते. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, किडनी आणि थायरॉइड पाहावी लागते. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे ही मात्रा वाढल्याची खूण. लगेच दवाखाना गाठावा लागतो. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषधांची आखणी करावी लागते. सासरी मेंदीच्या डब्यात लपवलेल्या गोळीची रक्ततपासणी कोण करणार? आणि अचानक थांबवली तर आजार उसळून परत येतो, हे तिला कोण सांगणार?

नणंदेला डबा सापडला. "ये कायके गोलियां?" बहीण म्हणाली, डोकेदुखीच्या. त्या दिवसापासून भीतीने गोळ्या बंद. चौथ्या महिन्यात झोप उडाली. पुढचे सांगत नाही, वाचकांनी असे एखादे घर पाहिलेले असेलच. सासरच्यांनी तिला एका दर्ग्यावर नेऊन ठेवले. तिथे दोन महिने पायात साखळी होती. तिच्या घोट्यावर अजून वळ आहे. सलवारीच्या घेरात तो दिसत नाही. मग तलाक. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तलाक गुन्हा ठरला. म्हणून या मंडळींनी तीन महिन्यांत तीनदा, अगदी रीतसर दिला. १९३९ च्या कायद्याप्रमाणे नवरा दोन वर्षे वेडा असेल तर बायकोला कोर्टात जाऊन निकाह तोडून मागता येतो. बायको आजारी पडली तर नवऱ्याला दोन वर्षे थांबण्याचीही गरज नाही.

सासरच्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना फसवले कुणी? बायोडाटा कुणी लिहिला?

हे सगळे आम्ही जेव्हा जेव्हा चारचौघांत मांडतो तेव्हा एक ठरलेले उत्तर येते. "सर, पण त्या गोळ्या वाईट असतात." सवय लागते, माणूस झोपून राहतो, अंग फुगते, मूल होत नाही, डोक्याला शॉक देतात. या लोकांना आम्ही अडाणी म्हणत नाही. त्यांच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारणारे डॉक्टर आपल्याच धंद्याची पत घालवतात.

होय, ओलँझापिनसारख्या औषधाने भूक वाढते, वजन वाढते, साखर वाढू शकते. म्हणून वजन आणि साखर मोजत राहायची, आणि फारच वाढू लागली तर डॉक्टरांना औषध बदलायला सांगायचे. होय, हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी अंग ताठते, हात थरथरतात, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. मात्रा कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन त्यावर उपाय करता येतो. क्लोझापिन हे इतर औषधांनी हार खाल्ल्यावरचे औषध. ते क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवते, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासल्याशिवाय ते घ्यायचे नसते. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात गर्भाला अपाय करते. आमच्या मुलींना विशीत ते लिहून देताना ही गोष्ट सांगितली जाते का, हा आमचा खडा सवाल आहे. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारख्या गोळ्यांचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो. पहिल्या दिवसांत मात्र मळमळ, बेचैनी होते, आणि पंचविशीच्या आतल्या काही मुलांमुलींत मरणाचे विचार वाढण्याचा धोका असतो, म्हणून त्या दिवसांत घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे असते. या गोळ्यांची नशा लागत नाही, पण त्या एकदम सोडायच्याही नसतात.

नशा लागते ती दुसऱ्याच गोळीची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम. झोपेची म्हणून, 'टेन्शनची' म्हणून ती चिठ्ठीशिवाय देण्यास कायद्याची मनाई आहे, तरी ती मिळते. घराघरांत उशीखाली ती आहे. वर्षानुवर्षे घेऊन एकदम थांबवली तर फेफरे येऊ शकते. ज्या गोळीला खरोखर घाबरावे ती आमच्या बायका शेजारणीकडून मागून घेतात, आणि जी गोळी घर वाचवते तिला घाबरून फेकून देतात! हा उलटा न्याय कुठून आला? सांगणारे कुणी नाही, त्यातून आला. गोळीच्या पाकिटावर इंग्रजी, चिठ्ठीवर इंग्रजी, आणि आमची आई उर्दू वाचते, तेही हळूहळू.

शॉकविषयी दोन वाक्ये. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला हा उपचार सिनेमांनी बदनाम केला, आणि भूल न देता तो देणाऱ्यांनीही केला. आज भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो देणे कायद्याने गुन्हा आहे. काही आठवणी पुसट होतात, हा त्याचा खरा तोटा. पण जो माणूस अन्नपाणी सोडून मरायला टेकला आहे त्याला तो काही दिवसांत परत आणतो, हा त्याचा खरा फायदा. दोन्ही सांगा आणि मग विचारा, घ्यायचा का.

औषधात गुण आणि धोका शेजारी शेजारीच राहतात, हे आमच्या हकिमांना ठाऊक होते. सर्पगंधेची मुळी घ्या. तिला लोक 'पागल बूटी' म्हणत आणि बेभान माणसाला शांत करायला देत. १९३१ मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी या मुळीतून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' नाव दिले. पुढे १९५२ मध्ये त्याच मुळीतून रिसर्पिन निघाले. जगभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत ते वापरले गेले आणि मग ध्यानात आले की, ते घेणाऱ्या काहींना खोल उदासी येते. तेव्हा त्याहून बरी औषधे हाती आली होती. ते मागे पडले. जडीबुटी आहे म्हणून निर्धोक, आणि गोळी आहे म्हणून जहर, ही वाटणी त्या मुळीलाही मान्य नाही.

तेव्हा गोळीचा हिशेब जरूर मागा. पण वहीच्या दुसऱ्या पानावर साखळीचाही हिशेब लिहा. साखळीने वजन वाढत नाही, खरे आहे. घोट्याला जखम होते, ती चिघळते. माराने कान फुटतो. मिरचीच्या धुरीने छाती भरते. सहा महिने फुकट जातात आणि तेवढ्यात आजार मुरतो. आमिलाचे पैसे कर्ज काढून दिले जातात. या दुष्परिणामांचा कागद कुणी छापत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत, रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे झावळ्यांच्या एका शेडला आग लागली. आत मनोरुग्ण खांबांना साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जण गेले. ज्यांना पळता आले असते त्यांनाही पळता आले नाही. ती शेड दर्ग्याची नव्हती, दर्ग्यावर येणाऱ्यांच्या दुःखावर धंदा करणाऱ्यांची होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण तिथे माणसे आणून सोडणारे नातलग होते. आमच्यासारखेच.

इथे आमचे काही पुरोगामी मित्र टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावे. दर्ग्यावर जाणारी प्रत्येक बाई मूर्ख आहे, ही त्यांची भाषा आम्हांला मान्य नाही. आमच्या बहिणीच्या पायात साखळी त्याच जागी पडली, आणि त्याच जागी मुजावरांच्या म्हाताऱ्या आईने रोज रात्री तिच्या केसांना तेल लावले. नगरच्या एका दवाखान्यात पुढे तिला दोन मिनिटे मिळाली. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, झोप येते का, आणि चिठ्ठी फाडली. माणूस तिथे जातो जिथे त्याचे ऐकले जाते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातारांच्या दर्ग्यात 'अल्ट्रुइस्ट' या संस्थेने सरकारच्या मदतीने 'दवा-दुआ' नावाचे काम उभे केले. आवारातच मानसोपचाराची सोय. मुजावर दुआ करतात आणि आजार ओळखून दवाखान्याकडे पाठवतात. पुढे एरवाडीतही हाच मार्ग धरला गेला. दुआला कुणी हात लावला नाही, साखळी मात्र सुटली. महाराष्ट्रातल्या कोणत्या दर्ग्याच्या, कोणत्या देवस्थानाच्या विश्वस्तांनी हे मनावर घेतले? आमच्या जिल्ह्यात मढीला हिंदू कानिफनाथ म्हणून आणि मुसलमान शाह रमजान माही सवार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माथा टेकत आले. त्या जागेवर हक्क कुणाचा यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. तिथे येणाऱ्या आजारी माणसाला हक्काचा डॉक्टर कोण देणार, यावर कुणी बोलत नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू आहे. माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीत ठेवण्यास त्यात बंदी आहे. आपला आजार काय, उपचार कोणते, औषधांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते, हे आपल्याला समजेल अशा भाषेत जाणून घेणे हा त्यात रुग्णाचा हक्क आहे. दोन मिनिटांत चिठ्ठी फाडणाऱ्या डॉक्टरांसमोर हा हक्क उच्चारायला आम्हांला लाज का वाटते? 'डॉक्टरसाहेब, ही गोळी किती दिवस, काय त्रास होईल, कोणती तपासणी, अचानक बंद केली तर काय', एवढे चार प्रश्न वहीत लिहून न्यायचे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर खटला भरण्याऐवजी तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, हेही याच कायद्याने सांगितले. १ जुलै २०२४ पासून जुने ३०९ कलमही दंडसंहितेबरोबर गेले. तरीही अशा घरात पोलिसांपेक्षा बिरादरीच्या भीतीने तोंड शिवले जाते. जनाजा कुणी पढवणार का, याचीच चर्चा आधी होते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे, 'टेली-मानस', मराठीतही बोलता येते. आमच्या मस्जिदीच्या फळ्यावर नमाजांच्या वेळांखाली तो नंबर लिहावा, अशी विनंती आम्ही केली. जुम्याला बघू, असे उत्तर मिळाले. काही जुमे गेले.

रमजानविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण दरवर्षी या महिन्यात आमच्या गावात दोन-तीन घरांत आजार उलटतो. आजारी माणसाला रोजाची सूट आहे, हे लहान मुलालाही पाठ आहे. पण साखरेचा पेशंट आजारी आणि मनाचा पेशंट मात्र 'नाटकी', अशी आमची समज. मग तो गोळ्या बंद करून तीसच्या तीस रोजे धरतो आणि ईदच्या सुमाराला त्याची झोप उडते. २०१८-१९ मध्ये रोजे मे-जूनमध्ये आले होते. आमच्याकडचे ऊन, अंगातून जाणारा घाम, दिवसभर पाणी नाही. अशा वेळी लिथियमची रक्तातली मात्रा वाढू शकते. बऱ्याच गोळ्या इफ्तारनंतर किंवा सेहरीला घेता येतात, काहींची वेळ बदलता येते, काही रुग्णांनी रोजा धरूच नये. हे महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचे आणि मौलानांनी मिंबरवरून सांगायचे. चंद्र दिसला का यावर आम्ही रात्रभर फोन करतो. गोळीच्या वेळेसाठी एक फोन होत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि थॉर्नडाइकचे मांजर आम्ही पाठ केले आणि पास झालो. नववीत शेवटच्या बाकावर बसणारी, सहामाहीपासून वहीत एक अक्षर न लिहिलेली, मनगटावर ओढणी गुंडाळणारी मुलगी ओळखायला त्या पेपरने आम्हांला शिकवले नाही. आम्ही तिला आळशी म्हणालो. एकदा वर्गासमोर म्हणालो. ती पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. तिचे लग्न ठरले, असे कळले. तिच्या बायोडाट्यातही सगळे ठीकच लिहिले असेल.

आणि या वार्षिकात लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या मंडळींना एक विचारू? तलाकवर आपण लिहिले, दंगलीवर लिहिले, गरिबीवर, सच्चर समितीवर लिहिले. लिहायलाच हवे होते. पण घरातल्या त्या मागच्या, बाहेरून कडी लावलेल्या खोलीवर किती लिहिले? मजाज यांना १९५२ मध्ये रांचीच्या मनोरुग्णालयात ठेवले होते. अलीगढमध्ये त्यांचा तराणा आजही उभे राहून गातात. मंटो दारू सुटावी म्हणून लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून आला आणि टोबा टेकसिंग लिहिता झाला. त्यांच्या वेडाची आम्ही दंतकथा केली. मामेबहिणीच्या वेडाची लाज केली.

ती आता पुन्हा माहेरी आहे. गोळी रात्री सगळ्यांसमोर, जेवणाच्या दस्तरख्वानवर घेते. दर तीन महिन्यांनी नगरला रक्त तपासायला जाते, कधी आम्ही सोबत असतो, कधी ती एकटी एस.टी.त बसते. वजन थोडे वाढले आहे, हात किंचित थरथरतात. सुईत दोरा ओवायला भाचीला हाक मारते. तिच्या शिवणाच्या गिऱ्हाइकांत तीन घरे अशी आहेत की जी तिला हळूच विचारतात, "आपा, तुमच्या त्या डॉक्टरचा नंबर द्या ना, कुणाला सांगू नका."

गेल्या महिन्यात पुन्हा एक रिश्ता आला. मुलगा बिजवर, एक लहान मूल. मामू कागद घेऊन आमच्याकडे आले. या वेळी आम्ही शिक्षण, उंची, शिवण लिहिले आणि त्याखाली आजाराचे नाव, गोळीचे नाव, मात्रा, डॉक्टरांचे नाव आणि शेवटच्या रक्ततपासणीची तारीख लिहिली. बहिणीने तो वाचला आणि तारखेतली एक चूक दुरुस्त केली. मामूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पुढे पाठवला की नाही, ते अजून त्यांनी सांगितलेले नाही.